काउन्सेलर नेमाल, पण 75 टक्के हजेरीचं काय?

ज्या शिक्षणसंस्थेत 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे मानसिक आरोग्यासाठी किमान एक क्वालिफाइड काउन्सेलर हवा असं सुप्रीम कोर्टाने जुलै 2025 मध्ये सांगितलं, तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते उशिरा का होईना झालं, दुसरी म्हणते आमच्या वेळी कुठे होते हे लाड. मी इंग्लंडमध्ये युनिव्हर्सिटीत स्टुडंट सपोर्टचं काम करते, आणि मला वाटतं बायपोलरच्या, म्हणजे मूड कधी पार खाली तर कधी भलताच वर नेणाऱ्या मानसिक आजाराच्या, बाबतीत तरी खरी गोम 75 टक्के हजेरीच्या नियमात आहे.

हा आजार बऱ्याचदा कॉलेजच्या वयातच डोकं वर काढतो. कित्येकदा आधी डिप्रेशन येतं, मग त्याच्याच गोळ्या सुरू होतात, आणि नुसत्या अँटीडिप्रेसंटने काहींचा मूड भलताच वर जातो. ही वरची फेज आपल्याकडे ओळखू येणं महाकठीण, कारण पोरगं तीन रात्री जागं आहे, भराभर बोलतंय, यूपीएससी, स्टार्टअप, गिटार सगळं एकदम सुरू करतंय तर आपण म्हणतो वा, काय जिद्द! अहो, अभ्यासाच्या जागरणाने दमलेलं पोर संधी मिळाली की आडवं होतं, याला झोप हवीशीच वाटत नाही.

इथे इंग्लंडमध्ये 2010 च्या इक्वालिटी ॲक्टमुळे युनिव्हर्सिटीला सोयी द्याव्याच लागतात. डेडलाइन पुढे जाते, परीक्षेला वेगळी खोली मिळते, लिथियम या बायपोलरवरच्या औषधाने हात थरथरत असेल तर लॅपटॉपवर पेपर लिहिता येतो, वर्ष मध्येच थांबवून परत येता येतं. पण एकेकट्या खोलीत दार लावून पोरगं चार रात्री जागं आहे हे कळणार कोणाला? आणि 18 पूर्ण, म्हणून त्याच्या परवानगीशिवाय आईबाबांना सहसा फोनही जात नाही. पुण्यात रूममेट किंवा मेसवाल्या काकू तरी बोंब मारतात. त्यात आपल्या मुलांची वेगळीच पंचाईत, स्टुडंट व्हिसावर ब्रेक 60 दिवसांपलीकडे गेला की बहुतेक वेळा युनिव्हर्सिटीने दिलेली व्हिसाची स्पॉन्सरशिप जाते, म्हणजे बॅग भरा आणि घरी.

भारतात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो, पण सवलत मागायला गेलं की 40 टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट आणा म्हणतात. दोन एपिसोडच्या मध्ये ठणठणीत असलेली मुलगी मेडिकल बोर्डाला काय दाखवणार? सोयी फक्त 40 टक्केवाल्यांपुरत्या नाहीत, हे यूपीएससीने लेखनिक नाकारलेल्या विकास कुमारच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानेच 2021 मध्ये सांगितलंय, पण कॉलेजच्या खिडकीवर अजून तेच, हजेरी कमी, टर्म ग्रँट होणार नाही.

म्हणून काउन्सेलर नेमाच, पण हिची कमी हजेरी आड आणू नका, पुढच्या वर्षी हिला याच सेमला बसवा, असं प्रिन्सिपलना लेखी सांगायचा अधिकारही त्याला द्या. नाहीतर एक खोली, एक टेबल आणि भिंतीवर पोस्टर एवढंच होईल. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर लावा, तिथे मराठीत बोलता येतं.