होयबा सॉफ्टवेअर आणि फिरता पाय चार्ट

ऑफिसात एखाद्याला चार्ट काढता येतो ही बातमी फुटली की त्याचं कल्याण झालंच म्हणून समजा. माझी फुटली. तेव्हापासून ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणत लोक फाइली पाठवतात. हा हिशेब तसा खोटा नाही. चार्ट खरंच दोन मिनिटांत निघतो, बाकीचा दिवस फाइल साफ करण्यात जातो.

या फाइलींचं रूप काय वर्णावं! वरच्या चार ओळी रिपोर्टच्या नावाने अडवलेल्या. खाली मर्ज केलेले सेल. मधेच एक ओळ पिवळी, आणि पिवळ्याचा अर्थ फक्त रजेवर गेलेल्या माणसाला ठाऊक. दर थोड्या अंतरावर ‘एकूण’. ही ‘एकूण’ची ओळ आधी उडवा. नाहीतर चार्ट काढणारं सॉफ्टवेअर तिलाही एक विभाग समजतं, चार्टमधला सर्वांत उंच खांब तिचाच निघतो, आणि मीटिंगमध्ये कोणीतरी त्या विभागाचं तोंड भरून कौतुक करतं. महिने आडवे पसरले असतील तर ते उभे करून घ्या: एक कॉलम महिन्याचा, एक आकड्याचा. चार्ट काढायची दोन सॉफ्टवेअरं आहेत, पॉवर बीआय आणि टॅब्लो. या कामाला पहिल्यात ‘अनपिव्होट’ म्हणतात आणि दुसऱ्यात ‘पिव्होट’. दोन्हींवर काम करणाऱ्याचं डोकं ठिकाणावर राहू नये, याची सोय कोणीतरी करून ठेवली आहे.

या सॉफ्टवेअरचा स्वभावच होयबाचा. काहीही द्या, ते काढून दाखवतं. साल नावाचा कॉलम दिला की त्याची बेरीज करतं. २०२१, २०२२ आणि २०२३ मिळून ६०६६! हा आकडा ते छान ठळक अक्षरांत, स्वल्पविरामासकट मांडतं. फोन नंबरांची सरासरी मागा, तीही मिळेल, दोन दशांश स्थळांपर्यंत. म्हणून फाइल आत घेतल्याबरोबर साल, कोड, क्रमांक यांच्यावरचं ‘सम’, म्हणजे बेरीज, काढून ‘डोन्ट समराइज’, म्हणजे ‘बेरीज नको’, करायचं. महिन्यांची नावं मजकूर म्हणून आली असतील तर ती इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागतात: वर्ष एप्रिलने सुरू, मग ऑगस्ट, मग डिसेंबर. त्यावर शेजारी महिन्याच्या क्रमांकाचा कॉलम ठेवून ‘सॉर्ट बाय कॉलम’ करणं हा उतारा. तोवर मात्र विक्रीचा आलेख असा काही हेलकावे खातो की बघणाऱ्याला घेरी यावी.

तारखांचा छळ वेगळाच. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे फाइल कुठल्या संगणकावर उघडली त्यावर ठरतं. दिवस-महिना उलटे वाचले गेले तरी बारा तारखेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. तेराव्याला सगळं उघडं पडतं, कारण तेरावा महिना सॉफ्टवेअरलाही सापडत नाही. तारीख २०२४-०४-०३ अशी, वर्ष पुढे ठेवून मागवा. एक्सेलमध्ये सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल, नुसती डबल क्लिक करून उघडू नका. ‘डेटा’ मेनूतून आत घ्या आणि कुठला कॉलम तारीख, कुठला मजकूर, ते स्वतः सांगा. यात हसण्यासारखं काही नाही. ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट१’ अशी नावं असलेल्या मानवी जनुकांना एक्सेल तारखा करून टाकायचं. अखेर २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली. जनुकं बदलली, माणसं शरण आली, तिथे माझी काय कथा!

आणि मग साहेबांचा लाडका पाय चार्ट, म्हणजे गोलाचे तुकडे पाडून कोणाचा वाटा किती ते दाखवणारा. विल्यम प्लेफेअर यांनी १८०१ मध्ये तो छापला, तेव्हा पुढे तो थ्री-डी होणार आहे याची त्यांना कल्पना नसावी. माणसाचा डोळा कोनांपेक्षा लांबी अधिक नेमकी जोखतो, म्हणून तीन-चारपेक्षा जास्त तुकडे असले की मी मोठ्यापासून छोट्यापर्यंत लावलेले आडवे बार काढतो. साहेब ते बघतात आणि म्हणतात, “अरे, हे जरा कोरडं वाटतंय. गोल कर ना.”

गोल केलं.

“थ्री-डी?”

केलं.

“आता जरा फिरव.”

“कुठवर, साहेब?”

“आपला तुकडा पुढे येईल इतपत.”

थ्री-डी पाय तिरका दिसतो, त्यामुळे पुढचा तुकडा त्याच्या जाड कडेसकट फुगतो आणि मागचा बिचारा दबतो. सेटिंगमध्ये अंशांचा एक आकडा बदलायचा, की आमच्या विभागाची प्रगती होते. एकही आकडा खोटा नाही, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार? मी एवढंच करतो, की प्रत्येक तुकड्यावर टक्के लिहून टाकतो. मग दबलेल्या तुकड्यावर २७ आणि फुगलेल्यावर २४ असं काहीतरी दिसतं, आणि समोरचे चार्ट सोडून माझ्याकडे बघतात.

हीच गत खांबांची. ९६ आणि ९८ यांच्यात फरक दिसत नाही म्हणून अक्ष ९५ पासून सुरू करा, असा हुकूम येतो. केला, की एक खांब बोटभर आणि दुसरा तीन बोटं, तिप्पट! बारचा अक्ष शून्यापासूनच हवा. तिथे डोळा लांबीच मोजतो. चढउतार दाखवायचाच असेल तर रेषेचा आलेख घ्या, त्याला शून्याची सक्ती नाही. हे मी साहेबांना समजावलं. “मग रेषा काढ, पण जाड काढ,” म्हणाले. या तडजोडीवर मी खूश आहे.

रंगांचं थोडक्यात सांगतो: लाल-हिरवी जोडी टाळा, निळा-नारिंगी वापरा. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही ते मीटिंगमध्ये तसं बोलत नाहीत, नुसती मान डोलावतात.

एवढं सगळं करून सुंदर डॅशबोर्ड, म्हणजे सगळे चार्ट एकत्र दाखवणारं पान, तयार होतो, आणि पहिला माणूस विचारतो, “हे एक्सेलमध्ये मिळेल का?” दुसरा त्याचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतो. कुठला फिल्टर लावला होता, आकडे कधीचे, काही नाही. त्यावर तीन दिवस वाद चालतो. म्हणून तारीख आणि फिल्टर मी शीर्षकातच दिसतील असं करून ठेवलं, तर स्क्रीनशॉट काढणारे नेमकं शीर्षकच कापतात. आता तारीख चार्टच्या ऐन पोटात, रेषांच्या मागे, फिकट करड्या अक्षरांत टाकतो. ती कापायची तर चार्टही कापावा लागेल.