‘जुन्या फेरारीला हात लावू नका’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गाड्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. वर पॅरिसच्या लिलावातल्या धूळभरल्या फेरारीचा फोटो आणि खाली चार ठाम विधानं. गोदामात सापडलेली इटालियन स्पोर्ट्‌स कार पुसूसुद्धा नका. रिस्टोर केली, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा नव्यासारखी केली, की किंमत निम्मी. इंजिन आणि चॅसीचे (गाडीच्या सांगाड्याचे) नंबर जुळले की गाडी ओरिजिनल. आणि अशी गाडी कधीच तोट्यात जात नाही. चारही विधानांत थोडंथोडं खरं आहे, म्हणून तर ती इतकी फिरतात.

आधी फोटोबद्दल. गाडी खरी आहे: 1961 ची 250 जीटी कॅलिफोर्निया स्पायडर. पश्चिम फ्रान्समधल्या एका ट्रान्सपोर्ट व्यावसायिकाच्या जागेत ती जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली पडून होती. फेब्रुवारी 2015 मध्ये आर्टक्युरिअल या लिलाव कंपनीच्या लिलावात तिला सुमारे 1.63 कोटी युरो मिळाले, म्हणजे त्या वेळच्या दराने 115 कोटी रुपयांच्या आसपास. आता फॉरवर्डमध्ये काय नाही ते बघा. ही शॉर्ट व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत कमी अंतर असलेली), हेडलाइटवर काचेचं आवरण असलेली गाडी आणि अशा एकूण 37 च बनल्या. शिवाय एके काळी ती अभिनेता आलँ दलाँकडे होती, त्याचे तिच्यासोबतचे फोटो आहेत. ही गाडी झगझगीत धुऊन आणली असती तरी बोली कोटींतच गेली असती. धुळीने लिलावाला गर्दी जमवली, एवढं श्रेय तिला देऊ.

आता ‘पुसूसुद्धा नका’वाल्यांनी 30 वर्षं उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेट उघडून बघावं. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या वेबर कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये पेट्रोल सुकून चिकट थर बसलेला असतो. ब्रेकचे सिलिंडर गंजून जाम झालेले असतात. पेट्रोलचे रबरी पाइप कडक होऊन तडकलेले असतात, तेही तापणाऱ्या इंजिनाच्या अगदी जवळ. अशी गाडी ‘बघू चालते का’ म्हणून स्टार्ट केली की ती पेटू शकते. मिलानच्या टूरिंग कंपनीच्या सुपरलेजेरा पद्धतीच्या बॉडी तर आणखी फसव्या. लॅम्बोर्गिनी 350 जीटी किंवा मासेराती 3500 जीटी घ्या. पातळ स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले, मध्ये ओलावा शिरला की विद्युत-रासायनिक गंज सुरू होतो. बाहेरून रंग ठीकठाक, आतून पत्रा भुगा. तिला ‘जशी आहे तशी’ ठेवणं म्हणजे दर पावसाळ्यात थोडी थोडी घालवणं.

‘रिस्टोर केली की किंमत निम्मी’ या विधानावर जरा जास्त थांबतो, कारण सर्वांत जास्त नुकसान तेच करतं.

ऑगस्ट 2018 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीच्या लिलावात 3413 चॅसी नंबरची फेरारी 250 जीटीओ 4.84 कोटी डॉलरना गेली, सुमारे 340 कोटी रुपये. लिलावात विकल्या गेलेल्या गाड्यांत तो तेव्हाचा विक्रम होता. ही गाडी 1962 ची, पण तिच्या अंगावर 1962 ची बॉडी नव्हती. 1964 मध्ये फेरारीसाठी बॉडी बनवणाऱ्या स्काग्लिएत्तीने तिला नव्या आकाराची बॉडी चढवली होती. जन्माच्या वेळचा पत्रा गेलेला, तरी विक्रम. कारण तो बदल फेरारीच्याच व्यवस्थेत, गाडी शर्यतीत असताना झाला होता आणि त्याची नोंद होती.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण 2023 चं. 1954 च्या फेरारी 500 मोंडियालचा जळका, चेपलेला सांगाडा त्याच मॉन्टेरीत 18.75 लाख डॉलरना गेला. फोटोत ती भंगारवाल्याकडची वाटते. ती रस्त्यावर आणायची तर जवळपास सगळी बॉडी नव्याने ठोकावी लागणार, हे घेणाऱ्याला माहीत होतं. त्याने विकत घेतली ती त्या चॅसीची ओळख, जिच्यावरून गाडी पुन्हा उभी करता येते.

मग किंमत पडते कधी? अतिरेक झाला की. स्काग्लिएत्तीच्या कारखान्यात पत्रा हाताने ठोकत असत, त्यामुळे एकाच गाडीची डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळत नसे. आजचा हौशी कारागीर दोन्ही बाजू सारख्या करतो, दारांच्या फटी मोजून एकसारख्या करतो, वर जाड चकाकता आधुनिक रंग मारतो. गाडी सुंदर दिसते, पण मोदेनातल्या त्या कारखान्यातून ती अशी कधी बाहेर पडली नव्हती आणि क्लासिक गाड्यांच्या स्पर्धेतला जाणकार जज हे दहा पावलांवरून ओळखतो. रंगाचंही तसंच. पिवळ्या, निळ्या, तपकिरी डिनो (फेरारीच्या छोट्या स्पोर्ट्‌स कार) पुढे कुणीतरी लाल करून टाकल्या, कारण फेरारी म्हणजे लाल. (ही समजूत आपल्याकडेही घट्ट आहे.) आज त्याच गाड्या फॅक्टरीच्या मूळ रंगात परत आणायला मालक पैसे मोजतात आणि बाजार त्याचं कौतुक करतो. हेही रिस्टोरेशनच की.

जपलेल्या, अस्पर्श गाड्यांचा मान वाढतोय, हे मात्र मान्य. 2024 मध्ये अमेरिकेतल्या पेबल बीचच्या क्लासिक गाड्यांच्या स्पर्धेत सर्वोच्च बक्षीस प्रथमच रिस्टोर न केलेल्या गाडीला मिळालं. ती बुगाटी होती. पण ‘जपलेली’ आणि ‘टाकून दिलेली’ यांत फरक आहे आणि फॉरवर्ड तोच पुसून टाकतो.

नंबर जुळण्याबद्दल. नंबर धातूवर ठोकलेला असतो आणि ठोकलेलं घासून पुन्हा ठोकता येतं. म्हणून तज्ज्ञ नुसता आकडा वाचत नाहीत. अक्षरांचं वळण, खोली, आजूबाजूच्या धातूवर घासल्याच्या खुणा बघतात. खुद्द फेरारीचा, मारानेल्लोच्या कारखान्यातला, जुन्या गाड्यांसाठीचा क्लासिके विभाग जुन्या रेखाचित्रांवरून नवे इंजिन ब्लॉक ओतून देतो. त्यांचं प्रमाणपत्र उपयोगाचं आहे, पण गाडी त्या मॉडेलच्या फॅक्टरी स्वरूपाला धरून आहे, एवढंच ते मुख्यतः सांगतं. प्रत्येक स्क्रू पहिल्या दिवसापासूनचा आहे असा त्याचा अर्थ लावू नका. आणि एकच चॅसी नंबर असूनही भांडण होऊ शकतं. 1954 च्या फेरारी 375 प्लसपैकी 0384 नंबरची गाडी अमेरिकेत ओहायोतून चोरीला गेली, बेल्जियममध्ये निघाली, काही सुटे भाग मात्र ओहायोतच राहिले. वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या, मग तडजोड, मग 2014 मध्ये इंग्लंडमधल्या गुडवुडला 1.07 कोटी पौंडांना विक्री, आणि त्यानंतरही खटले. नंबर खोटा आहे असं कुणी म्हणत नव्हतं. प्रश्न होता की गाडी कोणाची.

राहिलं ‘कधीच तोट्यात नाही’. ऑगस्ट 1988 मध्ये एन्झो फेरारी गेले, भाव आभाळाला भिडले आणि 1990 नंतर धाडकन कोसळले. चढ्या भावात घेणाऱ्यांना पैसे परत दिसायला कित्येक वर्षं लागली. शिवाय वर सांगितलेले आकडे मोजक्या गाड्यांचे आहेत. साध्या अल्फा रोमिओ जीटीव्ही किंवा मासेराती बिटुर्बोचं पूर्ण रिस्टोरेशन केलं तर बिल गाडीच्या बाजारभावाच्या पुढे सहज जातं, कारण पत्रा ठोकणाऱ्याची मजुरी गाडीचं नाव बघून कमी होत नाही. फेरारी टेस्टारोसाचे टायमिंग बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली काढावं लागतं, तेही ठरावीक वर्षांनी, गाडी वापरा किंवा नुसती झाकून ठेवा. त्यामुळे अशी गाडी विकणारा भेटला तर नंबराच्या आधी इंजिन शेवटचं कधी उतरवलं आणि त्याची पावती कुठे आहे, ते विचारा.