गेट कुठे लावायचं?

परवा माझी भाची पत्रकारितेच्या वर्गातला अनुवाद घेऊन आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी आली. २०१२ सालच्या कोळसा खाणवाटपाची इंग्रजी बातमी मराठीत करायची होती. तिनं मथळा लिहिला, ‘कोलगेटवरून संसदेत गदारोळ’. मग स्वतःच थांबली. ‘आत्या, हे टूथपेस्टबद्दल वाटतंय गं.’

खरंच वाटतं. इंग्रजीत ‘कोल’ म्हणजे कोळसा, त्याला घोटाळ्याचं ‘गेट’ जोडलं; स्पेलिंग टूथपेस्टहून वेगळं, म्हणून ती शाब्दिक कोटी जमते. देवनागरीत कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासनिसांनी, काढलेला १.८६ लाख कोटी रुपयांच्या नुकसानीचा आकडा दंतमंजनाखाली गडप होतो.

मी इंदूरच्या एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली, त्यामुळे हा ‘गेट’ मला फार छळतो. १७ जून १९७२ ला वॉशिंग्टनच्या वॉटरगेट संकुलात, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात चोर शिरले. त्या प्रकरणाच्या लपवाछपवीपायी ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन यांना अमेरिकेचं राष्ट्राध्यक्षपद सोडावं लागलं. त्या इमारतीच्या नावातल्या ‘गेट’ला घोटाळ्याचा वाससुद्धा नव्हता. वार्ताहरांनी तो कापून घेतला आणि दिसेल त्याला चिकटवला. अमेरिकेनं इराणला चोरून शस्त्रं विकली, त्याचं इराणगेट झालं. २००८ च्या सिडनी कसोटीतल्या वर्णद्वेषी शेऱ्याच्या आरोपाचं मंकीगेट झालं. ब्रिटनमध्ये लॉकडाऊनमधल्या मेजवान्यांचं पार्टीगेट झालं. सगळं एकाच तागडीत!

नवे शब्द घडवण्याला माझा विरोध नाही, उलट मला त्याचं प्रेम आहे. ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाचा स्पुटनिक उपग्रह आकाशात गेला. डिसेंबरात अमेरिकेचं रॉकेट उडता उडताच कोसळलं, तर त्यांच्याच वर्तमानपत्रांनी त्याला ‘फ्लॉपनिक’ म्हटलं. एप्रिल १९५८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे स्तंभलेखक हर्ब केन यांनी तिथल्या ‘बीट’ पंथाच्या मनमौजी तरुणांसाठी ‘बीटनिक’ काढला. रशियन ‘निक’ मुळातच जिवंत प्रत्यय आहे, आपल्या ‘दार’, ‘करी’सारखा माणूस दाखवणारा. म्हणून तो शब्द रुजला. आपला फारसीतून आलेला ‘खोर’ बघा. खोर म्हणजे खाणारा. लाचखोर, नफेखोर. कोण काय खातंय ते शब्दच सांगतो.

आणि मराठीत तर पायऱ्या आहेत. गफलत, भानगड, प्रकरण, घोटाळा. कोणता शब्द टाकायचा हे ठरवताना उपसंपादकाला बातमी पुन्हा वाचावी लागते, आरोप आहे की शाबीत झालंय ते बघावं लागतं. ‘गेट’ लावलं की ते कष्टच संपतात. माझा सगळा राग तिथे आहे.

जुलै २०१३ मध्ये आमच्या इंदूरातच वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे तोतये परीक्षार्थी पकडले गेले. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. मधल्या काळात किती घरांतली मुलं जिवानिशी गेली, ते इथल्यांना विचारा. त्याला शेपूट लावायची गरज पडली नाही. व्यावसायिक परीक्षा मंडळाचं आखूड नाव, व्यापमं, तेवढं पुरलं. मंडळाचं नाव पुढे बदललं. आमच्या गल्लीत मात्र अजून व्यापमंच म्हणतात.

भाचीनं मथळा खोडला आणि लिहिलं, ‘कोळसा खाणवाटपावरून संसदेत गदारोळ’. ‘घोटाळा’ लिहू का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, आधी बातमी परत वाच.