मंडपामुळे बंद झालेला चौक आणि सतरा वाटा

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

गणेशोत्सवाचं कोडं असं होतं: मंडळाचा गणपती घरापासून चार गल्ल्या पूर्वेला आणि तीन गल्ल्या उत्तरेला. चालायचं फक्त पूर्वेला किंवा उत्तरेला. दोन गल्ल्या पूर्वेला आणि एक उत्तरेला असलेला चौक मंडपामुळे बंद. वाटा किती? तुमचं म्हणणं, हे सूत्राने दोन ओळींत सुटतं, मुलांना चौकाचौकात तिथवर पोचायच्या वाटांचे आकडे लिहायला लावणं म्हणजे वेळ दवडणं. शिवाय पेठांतल्या गल्ल्या अशा सरळ नसतात, आणि माणूस मागेही फिरतो.

सूत्राने सुटतं, हे खरंच. सात गल्ल्यांपैकी उत्तरेच्या तीन कुठल्या, हे 35 प्रकारे निवडता येतं, म्हणून एकूण वाटा 35. बंद चौकापर्यंत 3 आणि तिथून गणपतीपर्यंत 6, म्हणून त्यातून जाणाऱ्या 3 × 6 म्हणजे 18, उरल्या 17. आता आणखी एक चौक बंद करून बघा: तीन पूर्वेला, दोन उत्तरेला. त्यातून जाणाऱ्या वाटा 10 × 2, म्हणजे 20. पस्तीसातून 18 आणि 20 वजा केले की उत्तर येतं उणे 3! दोन्ही चौकांतून जाणाऱ्या 3 × 2 × 2 म्हणजे 12 वाटा दोनदा वजा झाल्या, त्या परत मिळवल्या की 9. तिसरा मंडप पडला की हा हिशेब आणखी किचकट होतो.

आकडे लिहिताना मात्र नियम एकच. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या चौकातल्या आकड्यांची बेरीज करायची, बंद चौकात शून्य. दोन्ही चौक बंद असताना सगळ्यात वरची ओळ 1, 4, 7, 7, 9 अशी येते, आणि बेरीज येणाऱ्या कुठल्याही मुलाला ती जमते. गल्ली तिरकी असली तर तिच्याकडून येणारा आकडाही मिळवायचा. पेठांचं उत्तर इथेच आहे. तुमचं सूत्र त्या तिरक्या गल्लीपाशीच अडतं.

सूत्राला मी कमी लेखत नाही, पण त्याच्या मुळाशी हीच बेरीज आहे. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलाच्या छंदःसूत्रांवरच्या, म्हणजे वृत्तांवरच्या ग्रंथावरच्या, टीकेत मेरुप्रस्तार हा आकड्यांचा त्रिकोण मांडला, तोही असाच, वरच्या दोन घरांची बेरीज खालच्या घरात. सात अक्षरांत चार लघू आणि तीन गुरू किती प्रकारे बसतात? 35. पूर्वेला लघू म्हणा, उत्तरेला गुरू, की आपल्याच वाटा.

राहिलं मागे फिरणं. ती मुभा दिली की चौक एकमेकांवर अवलंबून राहतात, कुठला आकडा आधी लिहायचा हेच ठरत नाही. म्हणून ती अट मी काढणार नाही.