९९ टक्के म्हणजे सगळं आलं असं नाही

रसायनशास्त्रज्ञ मेरीफिल्ड यांची १९६३ सालची, रेझिनच्या (प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या) मण्यांवर पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, एकेक कडी जोडत बांधायची पद्धत तुमच्या लेखात छान उलगडली आहे. पण दर जोडणीला ९९ टक्के उतारा (म्हणजे शंभरातल्या ९९ साखळ्यांना कडी लागली) म्हणजे झालंच, हे लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. तीस जोडण्यांनंतर जेमतेम ७४ टक्के माल उरतो, आणि बाकीचा कचरा, म्हणजे एखादी कडी राहून गेलेल्या साखळ्या, मालाचा जुळा भाऊ! वेगळा करताना घाम फुटतो. म्हणून आम्ही दरवेळी चार मणी काढून निनहायड्रिनमध्ये (न जोडलेली अमिनो टोकं निळी करणारं रसायन) गरम करतो. निळे झाले की जोडणी अर्धवट. साखळीच्या टोकाला प्रोलीन हे अमिनो आम्ल असलं की ते मात्र फसवतं, तिथे निळा रंग नीट येतच नाही. नवखा असताना मी पिवळसर मणी बघून खुशाल पुढे गेलो, अख्खी बॅच वाया. आणि हो, एफमॉकचा, म्हणजे अमिनो टोकावरच्या तात्पुरत्या झाकणाचा, लेखात साधा उल्लेखही नाही? पिपरिडीन या अल्कधर्मी द्रवाने अलगद निघतो तो, जुन्या पद्धतीसारखं दर फेरीला आम्ल लागत नाही.