दगडूचा उजवा हात

दगडू चालताना उजवा हात वर करतो. दर दोन पावलांना एकदा, न चुकता. लक्ष्मी रोडच्या कोपऱ्यावर उभं राहून रिक्षाला हात करावा, रिक्षा ढुंकूनही न बघता निघून जावी, हात खाली यावा, तेवढ्यात मागून दुसरी दिसावी आणि हात पुन्हा वर जावा, असा तो सगळा प्रकार आहे. दगडू ज्या अल्बियात राहतो तिथे रिक्षा नाही. पण ते त्याला सांगणार कोण?

दगडू हा नॉर्न आहे. १९९६ साली 'क्रीचर्स' नावाचा कॉम्प्युटर गेम आला, त्यातला हा केसाळ, टपोऱ्या डोळ्यांचा जीव, आणि अल्बिया म्हणजे त्या गेममधलं जग. त्याच वर्षी जपानात तामागोची आलं आणि पोरं अंड्याएवढ्या खेळण्यातला प्राणी सांभाळत हिंडू लागली. त्याला वेळेवर खायला घातलं, त्याची घाण काढली की आपलं कर्तव्य संपलं. स्टीव्ह ग्रँड या इंग्रज गृहस्थांचं तेवढ्यावर भागलं नाही. त्यांनी नॉर्नला सुमारे हजार न्यूरॉन्सचा मेंदू दिला, रक्तात रसायनं सोडली आणि हे सगळं जनुकांत लिहून ठेवलं. नॉर्नला भूक लागते, कंटाळा येतो, भीती वाटते, ते रसायनांची पातळी चढल्या-उतरल्यामुळे. अंड्यातून बाहेर येणारं पोर आईबापांच्या जनुकांची सरमिसळ घेऊन येतं आणि नक्कल करताना झालेल्या चुका वर फुकट. हा गेम आता नव्या कॉम्प्युटरवरही चालेल असा विकत मिळतो, आणि तो विकत घेतात ती माझ्यासारखी चाळिशी ओलांडलेली माणसं.

तोंडवळा आणि रंग पोरांत उतरणार हे मला अपेक्षित होतं. चालसुद्धा उतरते, हे दगडूमुळे कळलं. नॉर्नची प्रत्येक पोझ म्हणजे अक्षरांची एक ओळ. त्यातलं एक अक्षर डोक्याचं, एक धडाचं, पुढची मांडी, पोटरी, पाऊल, दंड यांची. प्रत्येक अवयवाला चारच कोन. अशा काही पोझ एकापुढे एक लावल्या की झाली चाल. दगडूच्या जन्माच्या वेळी या ओळीतलं दंडाचं एक अक्षर बदललं असावं. बस, एवढंच. आमच्याकडे निमंत्रणपत्रिकेत वेलांटी चुकली तर निदान छापणाऱ्याला फोन करता येतो.

आई साताऱ्याहून आली होती. तिने स्क्रीनकडे क्षणभर पाहिलं आणि विचारलं, "हा कुणाला बोलावतोय?"

"कुणाला नाही. त्याची चालच तशी आहे."

"बापाची होती का अशी?"

"नव्हती."

"मग मामाकडची असेल," आई म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. दगडूची आई ज्या अंड्यातून निघाली ते गेमबरोबर आयतं आलं होतं, त्यामुळे त्याला मामा नाही. हे मी तिला सांगायला गेलो नाही. ज्या बाईने आयुष्यात प्रत्येक दोषाचं मूळ कुठल्या ना कुठल्या आजोळी शोधून काढलंय, तिच्यापुढे हा मुद्दा टिकला नसता.

पहिला उपाय चिरंजीवांनी केला. गेममध्ये आपला माउस म्हणजे एक हात असतो. त्याने नॉर्नला गुदगुल्या करता येतात, नाहीतर चापट मारता येते. गुदगुली म्हणजे शाबासकी, चापट म्हणजे शिक्षा, आणि दोन्हींमुळे मेंदूत रसायनं सुटून नॉर्न शिकतो. चिरंजीवांनी हात वर गेला की चापट, असा कार्यक्रम लावला. आता गंमत अशी की नॉर्नचा मेंदू फक्त काय करायचं ते ठरवतो. ते करताना कुठला अवयव कुठे जातो, याचा त्याला पत्ताच नसतो. त्यामुळे दगडूने त्यातून सरळ अर्थ काढला: चाललं की मार बसतो. तो चालायचाच थांबला. गाजर चार पावलांवर पडलेलं, दगडू उपाशी, आणि दोन्ही हात मात्र एकदम शिस्तीत खाली. चालण्याबद्दल बराच वेळ गुदगुल्या केल्यावर स्वारी पुन्हा निघाली. हात वर.

म्हणजे हा संस्काराचा प्रश्न नव्हता, रक्ताचा होता. मग स्थळ बघणं आलं.

कागदावर हे काम सोपं आहे. आपल्या माणसांत जवळजवळ प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, त्यामुळे आजोबांचं नाक मधली पिढी गाळून नातवाच्या तोंडावर उगवू शकतं. नॉर्नकडे एकच प्रत. एकेक जनुक बापाचं तरी येणार नाहीतर आईचं तरी. ज्या पोराचा हात खाली, त्याच्या रक्तातून तो कायमचा गेला. दगडूला सरळ चालीची बायको करायची, सरळ पोरं पुढे न्यायची, की दुसऱ्या पिढीत घराणं सुधारलं. मी सगुणा नावाची नॉर्न हेरली. निरोगी, खाऊन-पिऊन सुखी, चाल अशी की बघत राहावं.

पण नॉर्नांची लग्नं लावता येत नाहीत. दोघांना एका जागी आणून सोडायचं, समोर खायला ठेवायचं आणि आपण तोंड बंद ठेवायचं, एवढंच आपल्या हातात. बाकी ज्याची त्याची इच्छा. चुंबनाचा आवाज आला आणि पाठोपाठ 'पॉप' असं ऐकू आलं, की समजायचं दिवस गेले. सगुणा पहिल्या भेटीतच राजी झाली. दगडू हात वर करत करत तिच्यापर्यंत पोचला आणि 'पॉप'. मी बघतच राहिलो. हिला ते दिसलं नाही का?

खरंच दिसत नाही. नॉर्नच्या मेंदूला समोरची वस्तू कोणत्या प्रकारची आहे एवढंच कळतं: हे खाणं, हे खेळणं, हा नॉर्न. तो गोरा की काळा, सरळ चालतो की हात वर करून, हे आत पोचतच नाही. अख्ख्या अल्बियात दगडूच्या हाताकडे बघणारा मी एकटा.

हे मी आईला कौतुकाने सांगितलं. आईने पालकाची जुडी खाली ठेवली.

"मला बघायला आले होते ना, तेव्हा तुझ्या आजीने मला दारापासून देवघरापर्यंत चालायला लावलं होतं. जाताना एकदा, येताना एकदा. पाय सरळ पडतात का ते बघायचं होतं."

"मग?"

"मग काय. पास झाले. आणि तुझे वडील कसे चालतात, ते बघितलं कुणी?"

वडील मान पुढे काढून, हात पाठीशी बांधून, नजर जमिनीवर ठेवून चालतात. मीही तसाच चालतो. चिरंजीव अजून शाळेत आहेत, पण परवा गॅदरिंगच्या व्हिडिओत स्टेजवरून उतरताना त्यांचे हात पाठीशी गेलेले सगळ्यांनी पाहिले आणि घरात कुणी काही बोललं नाही.

पोरांचं सांगायचं तर काहींचा हात वर, काहींचा खाली. मी खूश झालो आणि सरळ हातवाल्यांवर लक्ष ठेवलं. पण ही मंडळी भलतीच छांदिष्ट निघाली. एक जण दिवसभर लिफ्टचं बटण दाबत बसायचा. दुसरीला चेंडू मिळाला की जेवणाची शुद्ध नाही. लग्नाचं नाव कुणी काढेना. याउलट, हात वर करणाऱ्यांना कशाचीच अडचण नव्हती. पोटभर खाणं, वेळेवर झोपणं आणि रिक्षाला हात करत एकमेकांपर्यंत पोचणं. जनुकाला दिसण्याशी कर्तव्य नसतं, त्याला फक्त पुढच्या अंड्यात बसायचं असतं, आणि हाताने त्यात काडीचीही आडकाठी केली नव्हती. बघता बघता दगडूची नातवंडं अल्बियाभर झाली. एकदा तळमजल्यावर सगळी एकाच दिशेने निघाली होती, तेव्हा बायकोने विचारलं, "आज संप आहे का?"

मीही मग नाद सोडणार होतो. तेवढ्यात दगडूच्या धाकट्या नातीचं पोर जन्मलं, गोट्या. त्याचा हात व्यवस्थित खाली होता. मी हुश्श म्हणणार, तोच तो दोन पावलं चालला, थांबल्यासारखा झाला आणि सरळ आमच्याकडे तोंड केलं. पुन्हा दोन पावलं, पुन्हा तोंड आमच्याकडे. पोझच्या ओळीत पहिलंच अक्षर नॉर्नने कुठल्या दिशेला तोंड करायचं ते सांगणारं असतं. या खेपेला नेमकं तेच बिघडलं होतं.

आईने चष्मा वर सरकवून गोट्याला नीट न्याहाळलं. मग स्वयंपाकघराकडे एक नजर टाकून हळूच म्हणाली, "हा काही आपल्याकडचा नाही."

आतून बायकोचा आवाज आला, "नाहीच. आमच्याकडे चालताना माणसांकडे बघायची पद्धत आहे."