एकच काढा, सगळ्यांचे केस म्हणे!

तो हर्बल शॅम्पूचा फॉरवर्ड तुमच्याकडेही आलाच असेल. रिठा, शिकेकाई, आवळा रात्रभर भिजवा, सकाळी उकळा, चमचाभर बेकिंग सोडा आणि एक लिंबू पिळा, बाटलीत भरा, महिनाभर टिकतो, कुठल्याही केसांना चालतो, केमिकल शून्य, 7 दिवसांत केसगळती बंद आणि पांढरे केस काळे. रिठा-शिकेकाईशी माझं काही भांडण नाही, मी तेच वापरते. भांडण आहे ते बाकीच्या थापांशी.

पहिलं, "कुठल्याही केसांना चालतो". अजिबात नाही. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं, तेच फेस करतं आणि तेच तेल ओढून काढतं. टाळू तेलकट असेल तर रिठा थोडा जास्त पडला तरी बिघडत नाही, पण कोरड्या केसांना तेच प्रमाण लावलंत तर वाळल्यावर केस झाडूसारखे उभे राहणार. अशांनी रिठा नावापुरता, शिकेकाई त्याहून जास्त, आणि भिजवलेली मेथी किंवा जास्वंदीची पानं वाटून त्याचा बुळबुळीत गर गाळून घालायचा, त्याने केसांवरून हात सरकतो, गुंता कमी होतो. कुरळ्या केसांचं अजून वेगळं, टाळूचं तेल वळणावळणातून टोकापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे टोकं कायम कोरडी, म्हणून काढा फक्त टाळूला लावायचा आणि धुताना जे खाली ओघळतं तेवढं टोकांना पुरे. शिवाय पावडर वापरली असेल आणि काढा पातळ सुती कापडातून दोनदा गाळला नसेल तर शिकेकाईचा भुसा कुरळ्या केसांत असा अडकतो की वाळल्यावर खांद्यावर पडत राहतो आणि लोक विचारतात कोंडा झालाय का! कलर केलेल्या केसांवर तर आधी एका बटेवर करून बघा, रंग उतरू शकतो.

दुसरं, बेकिंग सोडा. हा कुणी घुसडला कोण जाणे. टाळूचा पीएच साधारण 5.5, म्हणजे किंचित आम्लधर्मी, रिठा-शिकेकाईचा काढाही त्याच बाजूला झुकणारा. सोड्याचं पाणी 8 च्या वर, म्हणजे उलट्या बाजूचं, अल्कधर्मी. त्याने केसाचे वरचे खवले उघडतात, केस खरखरीत होतात आणि तुटतात. "पण लिंबू आहे ना बॅलन्सला", तर लिंबू आणि सोडा एकत्र आले की फसफसतात आणि एकमेकांना मारतात, आणि चमचाभर सोड्याला एक लिंबू पुरतच नाही, उरतो तो सोडाच. दोन्ही काढून टाका, काढा आपला आपण बरा असतो.

तिसरी आणि मला सगळ्यात धोक्याची वाटते ती थाप म्हणजे "महिनाभर टिकतो". अहो, झाडपाला उकळलेलं पाणी आहे ते, जंतूंना मेजवानी. बाहेर ठेवलंत तर दोन-तीन दिवसांत झाकण उघडताना फस्स आवाज येतो, आंबूस वास येतो, वर पांढरट साय धरते. आणि बुरशी निदान दिसते तरी, बॅक्टेरिया दिसतही नाहीत आणि आपण ते टाळूवर चोळतो, तिथे खाजवून जखम झालेली असली तर बघायलाच नको. काही जण म्हणतात व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल फोडून घाला, टिकेल. व्हिटॅमिन ई तेल खवट होऊ देत नाही, पाण्यातले जंतू त्याने मरत नाहीत. इसेन्शियल ऑइलचे चार थेंबही कामाचे नाहीत, नुसता सुगंध. कोरडी पावडर हवाबंद डब्यात महिनोन्महिने राहते, तीच ठेवा. काढा एक-दोन वेळेपुरता करा, फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा, उरला तर ओतून द्या.

केमिकल शून्य? सॅपोनिन काय आहे मग. पुढे चला.

केसगळती 7 दिवसांत बंद? रोज 50 ते 100 केस गळणं नॉर्मल आहे. मोठा ताप, बाळंतपण, क्रॅश डाएट यानंतरची गळती दोन-तीन महिन्यांनी सुरू होते आणि बऱ्याचदा आपली आपण थांबते, नेमका तेव्हा कुणी काढा लावत असेल तर श्रेय काढ्याला. पांढऱ्याचं काळं तर होतच नाही, रंग केसाच्या मुळाशी पेशींमध्ये तयार होतो, बाहेर आलेला केस मृत असतो. लोखंडी कढईत आवळा उकळला की पाणी काळंकुट्ट होतं ते खरं, पण ती लोखंड आणि आवळ्यातल्या टॅनिनची, म्हणजे तुरट द्रव्याची शाई आहे, वरवर डाग पडतो, मुळाला पत्ताही नसतो.

आणि "नॅचरल आहे, लहान मुलांनाही चालतं" असं लिहिणाऱ्याच्या डोळ्यात एकदा रिठ्याचं पाणी जायला हवं. इतकं झोंबतं की डोळा अर्धा दिवस लाल. मुलांना लावायचाच असेल तर रिठा वगळा, मान मागे करून धुवा, आणि मोठ्यांनीसुद्धा पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा, खाज आली तर शिकेकाई कितीही शुद्ध असो, ती तुमच्यासाठी नाही.